प्रोसेसरची टाइम स्टडी

घरात कॉम्प्युटर आला आणि चौथ्याच दिवशी तो कामचुकार निघाला. हा शोध जीवनराव विधात्यांनी लावला, आणि कामचुकार ओळखण्यात जीवनरावांचा हात धरणारा माणूस अख्ख्या सातपुरात नव्हता.

तिथल्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं टाइम स्टडी करत होते. म्हणजे काय, तर कामगाराच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभं राहायचं, स्टॉपवॉच दाबायचं, आणि एक जॉब करायला त्याला किती वेळ लागतो ते फॉर्मवर लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण घड्याळ दिसलं की कामगाराचा हात आपोआप जड होतो. एरवी चटचट उरकणारा गडी घड्याळासमोर नट असा फिरवतो, की जणू देवाला फूल वाहतोय. का, तर आज चार मिनिटांत जॉब करून दाखवला की उद्यापासून रोज चारच मिनिटं मिळणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि तो मुद्दाम सावकाश करतोय हे जीवनरावांना पक्कं ठाऊक असतं. दोघंही एकमेकांना ओळखून असतात आणि कोणीच काही बोलत नाही. असा हा खेळ बावीस वर्षं चालला होता, आणि एकदा फॉर्मवर चढलेला आकडा जीवनरावांनी आजतागायत मागे घेतला नव्हता. वरचे साहेब लोक म्हणायचे, "विधात्यांचं रीडिंग म्हणजे रीडिंग." हे वाक्य जीवनराव घरीही अधूनमधून म्हणून दाखवत, विशेषतः भाजीत मीठ कमी पडलं की.

तर हा कॉम्प्युटर. सन २००६चा एप्रिल. मुलगी भाग्यश्री दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि पुढे कॉम्प्युटरच शिकायचं तर मशीन घरात हवंच, असं तिने जाहीर केलं होतं. घ्यायचा कोणाकडून, यावर मात्र घरात दोन तट पडले. जीवनरावांच्या मनात शहरातलं एखादं मोठं दुकान होतं. त्यांची पत्नी, प्रतिभाताई, म्हणाल्या, "योगिनीकडून घ्या. आपल्या अशोकनगरातच दुकान आहे. पोरगी घरी येऊन बसवून देते, आणि बिघडला तर परत येते."

जीवनरावांच्या कपाळावर आठी पडली ती योगिनीमुळे नव्हे, तिच्या बापामुळे. योगिनी ही केरू भोरची मुलगी. आणि केरू भोर म्हणजे लेथ सेक्शनमधला सगळ्यात मुरलेला ऑपरेटर. घोटीकडचा माणूस, बोलायला गोड, पण घड्याळासमोर महा इरसाल. एक बुश, म्हणजे लोखंडी कडं, लेथवर टर्न करायला तो बरोब्बर सहा मिनिटं घ्यायचा. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. हा बेटा चार मिनिटांत करतो, अशी जीवनरावांची बावीस वर्षांपासून खात्री होती, पण सिद्ध काही करता आलेलं नव्हतं. तरी शेवटी घरात प्रतिभाताईंचंच चाललं. ते नेहमीच चालतं, फक्त निर्णय आपण घेतला असं जीवनराव नंतर सांगतात.

योगिनी स्वतः आली. फरशीवर मांडी घालून बसली, स्क्रू पिळले, वायरी लावल्या, भाग्यश्रीला सगळं समजावून सांगितलं आणि चहा घेता घेता म्हणाली, "काका, प्रोसेसर अठराशे मेगाहर्ट्झचा टाकलाय. एकदम नवीन आलाय बाजारात. काही शंका आली तर मला फोन करा हं. आधी मला."

"करू की," जीवनराव म्हणाले. आणि हे त्यांनी केलं नाही, इथेच सगळी माती झाली.

चौथ्या दिवशी भाग्यश्रीने एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून कसलासा छोटा प्रोग्रॅम मशीनवर टाकला. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आला आणि त्यात प्रोसेसरचा चालू वेग दिसायला लागला. जीवनराव मागे चहा पीत उभे होते. चौकोनात आकडा होता १०००. मग एकदम १८०० झाला. मग पुन्हा १०००. जीवनरावांनी कप खाली ठेवला.

"भाग्यश्री, हे काय आहे?"

"काही नाही पप्पा, मी काही उघडलं ना, की तो..."

"हात काढ."

"अहो पण पप्पा, ऐका तरी, मी गाणं लावलं की..."

"माउसवरचा हात काढ म्हणतो ना! रीडिंग घेताना ऑपरेटरच्या कामात ढवळाढवळ करायची नसते."

हा टाइम स्टडीचा पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक, तो म्हणजे स्टडी पूर्ण होईपर्यंत संबंधित माणसाशी अवाक्षर बोलायचं नाही. बोललं की तो सावध होतो. त्यामुळे योगिनीला फोन करण्याचा प्रश्नच उरला नाही. बाप घड्याळासमोर वेळ खातो, पोरीने अठराशेच्या नावाखाली हजाराचा प्रोसेसर घातला, एवढा निष्कर्ष त्यांनी मनातल्या मनात काढलाही. पण विधाते हे पुराव्याशिवाय बोलणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातून टाइम स्टडीचे कोरे फॉर्म घेऊन आले.

फॉर्मवर "ऑपरेटरचे नाव" या रकान्यात त्यांनी लिहिलं, प्रोसेसर. "बिल्ला क्रमांक" मध्ये खोक्यावरचा लांबलचक नंबर उतरवला. मग टेबलापासून मोजून दोन हातांवर खुर्ची मांडली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि दर पाच मिनिटांनी एक, रोज दहा, अशी तीन दिवसांत तीस रीडिंग घ्यायला सुरुवात केली. या काळात कॉम्प्युटरला कोणीही शिवायचं नाही, असा हुकूम सुटला. म्हणजे गंमत बघा, मशीन चालू, पडदा चालू, समोर फक्त एक पन्नाशीला आलेला गृहस्थ टक लावून बसलेला, आणि ज्या मुलीसाठी ते मशीन आणलं ती स्वयंपाकघरात शेंगा निवडतेय. तीसपैकी सत्तावीस रीडिंग हजार आली. तीन अठराशे आली, पण त्यांतल्या दोन वेळा भाग्यश्रीने पप्पा पाणी प्यायला उठल्याचं पाहून चोरून काहीतरी उघडलं होतं, आणि एकदा मशीनचं मशीनच काहीतरी तपासत घरघरलं होतं. जीवनरावांनी ती तिन्ही रीडिंग "बाहेरचा अडथळा" असा शेरा मारून बाद केली. रीतच आहे तशी.

आता अशोकनगरच्या रो-हाउसांत एखाद्या घरी सलग तीन दिवस कोणी फॉर्म घेऊन बसलं, तर शेजाऱ्यांना कळणार नाही असं होत नाही. चौथ्या दिवशी शेजारचे चिमाजी थेटे आले. चिमाजी वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ विजेच्या दाबात आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या सुनेला गुडघेदुखी झाली तेव्हाही त्यांनी आधी घरचा मीटर तपासला होता.

"जीवनराव, दाब नाही हो," पडद्याकडे बघून त्यांनी निकाल दिला. "त्याला अठराशेचा घास पाहिजे, तुम्ही घालताय हजाराचा. कसा पळेल तो? आणि अर्थिंग? अर्थिंग बघितलंय कधी?"

अर्थिंग कोणी कधी बघितलं नव्हतं. मग घरामागच्या चार हात बागेत चिमाजींच्या देखरेखीखाली चार फूट खड्डा खणण्यात आला. त्यात कोळसा गेला, सहा किलो जाडं मीठ गेलं, तांब्याची पट्टी गेली. रोज सकाळी त्यावर दोन बादल्या पाणी ओतायचं, असं पथ्य चिमाजींनी सांगितलं. आठ दिवसांत प्रतिभाताईंचा मोगरा मुळापासून वाळला. आकडा होता तिथेच राहिला.

"स्टॅबिलायझर लावा," चिमाजी म्हणाले.

स्टॅबिलायझर लावला. तो स्वतःच एवढा गुणगुणत होता, की घरात पाहुणे आले की आधी इकडेतिकडे भुंगा शोधायचे. त्यात रोजचं साडेचार तासांचं लोडशेडिंग. लाईट गेली की रीडिंग थांबायचं, आली की जीवनराव फॉर्मवर वेळ टाकून पुन्हा पहिल्यापासून बसायचे. आकडा हजार.

"मग गरम होतंय ते," चिमाजींनी न डगमगता सांगितलं. त्यांचं हे एक बरं होतं, औषध लागू पडलं नाही तर रोगच बदलून टाकायचे.

मे महिना लागला होता. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढण्यात आलं आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन प्रोसेसरसमोर लावण्यात आला. दुपारी माणसं वर्तमानपत्राने वारा घेत घामाघूम बसली होती आणि प्रोसेसर गार वाऱ्यात झोपा काढत होता. प्रतिभाताई तोंडावर पदर फिरवत म्हणाल्या, "ताक केलंय. त्यालाही देऊ का अर्धा पेला?" जीवनरावांनी पुढचं रीडिंग फॉर्मवर टाकलं. अपमान गिळायची त्यांना सवय होती, लेथ सेक्शनने ती लावली होती.

आणि इथे त्यांच्या हातून ती गोष्ट घडली. कँटीनमध्ये जेवताना त्यांनी शेजारच्या एका माणसाला, अगदी एकाच माणसाला आणि "कुठे बोलू नका" असं बजावून, सांगितलं की केरूच्या पोरीने आपल्याला अठराशे सांगून हजाराचा माल दिला. तीस रीडिंग घेतली आहेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजेपर्यंत ही बातमी पेंट शॉपपर्यंत पोचली होती.

एरवी हसण्यावारी गेली असती. पण त्याच सुमाराला कामगार संघटना आपल्या हॉलमध्ये कामगारांच्या मुलांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढत होती. बारा मशीन घ्यायची होती आणि ती योगिनीकडून घ्यायची, असं जवळजवळ ठरलं होतं. रविवारी सकाळी दहाला सभेत शिक्कामोर्तब व्हायचं होतं. संघटनेचे सेक्रेटरी बहिरू दोंदे यांच्या कानावर ही बातमी गेली. बहिरू आणि जीवनराव यांचं आयुष्यात एकदाही पटलं नव्हतं, पण बहिरू मान हलवत म्हणाला, "माणूस कसाबी असू दे, रीडिंग खोटं घ्यायचा नाय तो." आणि त्याने दुसऱ्या दुकानदाराला फोन लावला.

सोमवारी जीवनराव लेथ सेक्शनमधून जात असताना केरूने मशीन बंद केलं. चालू जॉब अर्ध्यात सोडून केरूने मशीन बंद केल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"साहेब, माझ्या टायमावर काय बोलायचं ते बोला. बावीस वर्सं बोलताय, मी कधी तोंड वर केलं नाय. पोरीचं नाव कँटीनमदी कशाला काढलं?"

"केरू, माझ्याकडे रीडिंग आहे."

"तिला दाखवलं?"

"स्टडी पूर्ण झाल्याशिवाय दाखवत नसतात."

"रविवारी मीटिंग हाय, साहेब." केरूचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तिचा पह्यला मोठा जॉब हाय तो. त्याच्या भरवशावर तिनं गाळा धरून ठेवलाय. हा गेला तर पाटी काढून घरी बसंल ती. आन् ती चोर हाय म्हणून बसंल. तेवढं बघा."

त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. जीवनराव पुढे गेले खरे, पण दिवसभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. चोर हा शब्द आपण वापरला नव्हता, असं त्यांनी स्वतःला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगताना त्यांचंच त्यांना पटेना. पण आकडे होते ना! आकड्यांचं काय करायचं? शेवटी त्यांनी ठरवलं की तिसऱ्या, त्रयस्थ माणसाकडून तपासणी करून घ्यायची. म्हणजे न्याय झाला असं होईल.

मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून, कॅबिनेट चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पायांमध्ये ठेवून ते शरणपूर रोडच्या एका सर्व्हिस सेंटरला पोचले. तिथे टोकन मिळालं. टोकनावर नंबर होता, पण नंबर पुकारायचं यंत्र बंद होतं, म्हणून खिडकीतला माणूस "पुढचा कोण?" असं विचारायचा आणि चौघं उठायचे. दीड तासाने फॉर्म हातात आला. तक्रारीचं स्वरूप, टिक करा: चालू होत नाही, बंद होत नाही, आवाज येतो, वास येतो, इतर. जीवनरावांनी "इतर" वर टिक केली आणि समोरच्या रेघेवर वळणदार अक्षरात लिहिलं, कामचुकारपणा.

खिडकीतल्या माणसाने ते दोनदा वाचलं. "म्हणजे नेमकं काय होतंय?"

"बघत बसलं की काम करत नाही."

"कोण?"

"प्रोसेसर."

त्या माणसाने शिक्का मारला आणि गुरुवारी या म्हणून सांगितलं.

गुरुवारी अहवाल मिळाला. दोष आढळला नाही. "दोन दिवस टेस्टला लावून ठेवला होता," तिथली मुलगी म्हणाली. "सलग अठराशेला चालला. जरासुद्धा हलला नाही."

जीवनरावांनी कॅबिनेट घरी आणलं, वायरी जोडल्या, दोन हातांवर खुर्ची टाकून बसले. आकडा हजार. तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे तर ते रोज बघत होते! डायरेक्टर साहेबांचा राउंड आला की आख्खं शॉप कसं धडाधड चालतं, आणि साहेब गेटबाहेर पडले की तंबाखू मळायला लागतं. सर्व्हिस सेंटरला अठराशे, घरी हजार. यंत्राला डोळे नसतात हे त्यांना कळत होतं. ते काही खुळे नव्हते. पण बावीस वर्षांचा अनुभव एकीकडे आणि यंत्राला डोळे नसणं दुसरीकडे. अनुभवाचं पारडं जड झालं, त्याला ते तरी काय करणार?

म्हणून शनिवारी दुपारी, सापुताऱ्याच्या सहलीत घेतलेली दुर्बीण गळ्यात अडकवून, जीवनराव बैठकीच्या खोलीच्या पडद्यामागे उभे राहिले. मशीनला आपण घरात नाही असं वाटावं म्हणून त्यांनी आधी दार उघडून जोरात लावलंही होतं. प्रतिभाताई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती.

त्याच वेळी बेल वाजली. दारात केरू आणि योगिनी.

"साहेब हायेत का?" केरूने विचारलं.

प्रतिभाताईंनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली जीवनरावांचे दोन पाय आणि पायजम्याचा काठ स्वच्छ दिसत होता. "आहेत की," त्या म्हणाल्या. "रीडिंग घेतायत. या, बसा."

नंतर कितीतरी दिवस जीवनराव या क्षणाचा विचार करत राहिले, की बाहेर यावं की तसंच थांबावं. तसंच थांबणं अधिक लाजिरवाणं झालं असतं, म्हणून ते आले. दुर्बीण गळ्यात तशीच होती.

कोणी हसलं नाही, हे तर जास्तच वाईट. योगिनीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "काका, तुम्ही मला एक फोन केला असता तर!"

"तसा नियम आहे," जीवनराव म्हणाले. पण एवढ्या बारीक आवाजात, की त्यांना स्वतःलाच तो दुसऱ्याचा वाटला.

केरू मात्र टेबलावरचे फॉर्म बघत होता. एकेक कागद तो नीट उलटत होता. टाइम स्टडीचा फॉर्म केरूला बघायला मिळाला तर तो असा वाचतो, जसे दुसरे लोक पत्रिका वाचतात. शेवटी त्याने मान वर केली.

"साहेब, जॉब कुठाय?"

"काय?"

"ह्या गड्याला जॉब काय दिला व्हता तुमी?" त्याने प्रोसेसरकडे बोट दाखवलं. "नाव हाय, बिल्ला हाय, टाइम हाय. जॉबचा रकाना कोरा. सगळ्याच्या सगळ्या कागदांवर कोरा. आन् ही खालची ओळ वाचा." फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं: जॉब उपलब्ध नसताना वेळ मोजू नये. ती ओळ छापून घ्यायला आठ वर्षांपूर्वी याच केरूने तीन दिवस हत्यार खाली ठेवलं होतं, आणि ती लिहून द्यावी लागली होती विधाते साहेबांना. "हात बांधून बसवलं त्याला, आन् तो बसला म्हणून बोलताय!"

जीवनरावांनी गळ्यातली दुर्बीण काढून टेबलावर ठेवली.

"काका, हा नवीन प्रोसेसर तसाच बनवलाय," योगिनी हळूच म्हणाली. "काम नसलं की स्वतःहून हजारावर येतो. वीज वाचते, तापत नाही. काम आलं की त्याच क्षणी अठराशे. हवं तर मी सेटिंग बदलून देते, मग रिकामाही पळत राहील. पण कशाला पळवायचा उगाच?"

"मी पहिल्या दिवशी तेच सांगत होते!" भाग्यश्री आतून धावत आली. "गाणं लावलं की वाढतो! तर म्हणे हात काढ!"

योगिनीने विचारलं, एखादं मोठं काम आहे का. काम होतं. प्रतिभाताईंच्या भावाच्या लग्नाची व्हिडिओ फिल्म छोटी करून एका सीडीत बसवायची महिनाभर राहिली होती. भाग्यश्रीने ती लावली. आकडा क्षणात १८०० झाला आणि तिथेच उभा राहिला. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, प्रतिभाताईंचा चहा झाला, पोहे झाले, आकडा हलला नाही. "थांबव," जीवनराव म्हणाले. थांबवलं, हजार. "लाव." अठराशे. असं त्यांनी अकरा वेळा करायला लावलं. अकराव्यांदा त्यांना आपण बाद केलेली ती तीन रीडिंग आठवली. तीसांत तीनच खरी होती आणि नेमकी तीच आपण खोडली! कान गरम झाले. बावीस वर्षांत असं काही झालं नव्हतं, आणि झालं तेही केरू भोरसमोर.

"मी... बहिरूला चिठ्ठी लिहून देतो," ते म्हणाले.

"चिठ्ठी नको, साहेब," केरू उठत म्हणाला. "कँटीनमदी तोंडानं बोललात. उद्या तोंडानंच बोला."

रविवारी दहाला संघटनेचा हॉल भरला होता. जीवनरावांनी सकाळी आरशासमोर भाषण तयार केलं होतं. त्यात "मोजणीच्या वेळची परिस्थिती", "तांत्रिक बाबींचा एकत्रित परिणाम" असे भारदस्त शब्द होते. चूक झाली हे त्यातून कळावं, पण कोणाची झाली हे कळू नये, अशी त्याची बांधणी होती. पाच मिनिटं ते बोलले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिसऱ्या ओळीत योगिनी बसली होती, हात पिशवीवर घट्ट धरून. ती कोणाकडेच बघत नव्हती.

"साहेब," बहिरू दोंदे मध्येच म्हणाला, "मराठीत सांगा. पोरीचा माल खरा का खोटा?"

"खरा. अगदी खरा आहे."

"मग चूक कोणाची?"

जीवनरावांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. "माझी," ते म्हणाले. "मी रीडिंग चुकीचं घेतलं."

मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू नाय आलं! परत एकदा!"

बावीस वर्षांचा सगळा हिशोब त्या आवाजात होता. जीवनराव लालबुंद झाले. पण तिसऱ्या ओळीत योगिनीने आता मान वर केली होती. त्यांनी घसा साफ केला आणि शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल असं म्हणाले, "मी रीडिंग चुकीचं घेतलं! पोरीची माफी मागतो!"

त्यानंतर जो टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा कल्लोळ झाला, तसा त्या हॉलने बोनसच्या वेळीही ऐकला नव्हता. बारा मशीन योगिनीकडून घ्यायचा ठराव एकमताने पास झाला. आणि त्याच दमात दुसरा ठरावही पास झाला. ज्या अर्थी विधाते साहेबांचं रीडिंग चुकू शकतं, त्या अर्थी लेथ सेक्शनचे सगळे टाइम पुन्हा घ्यावेत, आणि ते त्यांनीच घ्यावेत. जीवनराव घरी आले ते थेट आडवे झाले. प्रतिभाताईंनी टेबलफॅन उचलून त्यांच्या पायथ्याशी आणून लावला.

चार दिवसांत मॅनेजमेंटची मंजुरी आली. सुरुवात केरूच्या मशीनपासून करायची होती. जीवनराव दोन हातांवर उभे राहिले, घड्याळ दाबलं. केरूने एकदा मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि बुश चकमध्ये बांधला.

आणि जीवनरावांनी बावीस वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते पाहिलं. एक हालचाल वाया नाही. टूल आत गेलं, लोखंडाची निळी साल सरसर सुटत राहिली, हात पुढच्या कामाला आधीच पोचलेला. एकदाच कॅलिपर लावला, एकदाच. जॉब सुटून ट्रेमध्ये पडला तेव्हा घड्याळात तीन मिनिटं पन्नास सेकंद झाली होती. शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरचं तोंड उघडंच राहिलं. "केरू, येडा झाला का रं?" तो पुटपुटला.

केरू फडक्याला हात पुसत म्हणाला, "लिवा साहेब. त्या दिवशी तुमी खरं बोललात. आज माझी पाळी."

जीवनरावांनी घड्याळाकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याच्या मागे लागलो तो आकडा अखेर हातात होता, काट्यासकट. हा लिहिला की केरूला उद्यापासून तीन पन्नास, आणि केरूला म्हणजे अख्ख्या सेक्शनला. शेजारचा ऑपरेटर अजून तसाच बघत होता. जीवनरावांनी अंगठ्याने बटण दाबलं आणि काटा शून्यावर आणला.

"केरूभाऊ," ते म्हणाले, "घड्याळ सुरू करायचंच राहिलं बघा माझं. परत एकदा करता का?"

केरूने एकदा शून्यावरच्या काट्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या मशीनकडे.

"करा, करा," जीवनराव फॉर्म सरळ करत म्हणाले. "आणि या खेपेला मी मागे उभा आहे, एवढं ध्यानात ठेवून करा."